आईचे पाय

कळस गावातल्या आमच्या घरात भावानं आरशासारखी चकचकीत फरशी बसवली आणि त्याच महिन्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. तिचं मनगट मोडलं. मी बारामतीहून धावत गेले, तर भाऊ म्हणाला, "वय झालं आता तिचं. पडायचीच."

माझं डोकंच फिरलं. आई नुसत्या टाचा टेकत चालताना दिसली, म्हणून तिला खाटेवर बसवून मी तिचे पाय मांडीवर घेतले. अंगठ्यांची नखं वाढून मांसात रुतली होती. बोटं टेकली की कळ यायची, म्हणून ती टाचांवर चालत होती.

"कुणाला सांगितलं का न्हाईस?" मी ओरडले.

"मला वाकता येत न्हाई. पण पायाची नखं काप, असं सुनंला कसं सांगायचं?"

मग मला माझाच संताप आला. सणावारी याच पायांवर मी डोकं ठेवत होते, पण ते नीट पाहिले कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रुतलेली नखं काढली. परत येऊन मी गवंडी बोलावला आणि न्हाणीघरातली पहिली फरशी स्वतः हातोड्यानं फोडली. भाऊ आरडाओरडा करत राहिला. तिथं खरबरीत शहाबादी बसवूनच मी निघाले.

आई आता पूर्ण पाऊल टेकवून चालते. भावाशी मी अजून बोलत नाही.