मुलाखतीला आम्ही चौघं गेलो होतो

मी अमडापूर सोडलं त्या सकाळी मला पोचवायला स्टँडवर कुणी आलं नाही. तसे अण्णा आले होते, पण वांगी घेऊन. खामगावच्या बाजाराचा दिवस होता. माझी ट्रंक आणि त्यांची टोपली एकाच एसटीच्या टपावर चढल्या आणि आम्ही बापलेक एकाच गाडीत बसलो. ते पुढे ड्रायव्हरच्या मागे, मी शेवटच्या बाकावर. कंडक्टर ओळखीचा. त्याने अण्णांना विचारलं, "पोरगी कुठं चालली?"

"मले का मालूम? तिलेच इचारा."

उंद्री गेलं, खामगाव आलं. अण्णांनी टोपली डोक्यावर घेतली आणि मागे न बघता बाजाराची वाट धरली. मी पुढे नाशिकला जायला जलंबच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले. गाव सोडताना डोळे भरून येतात म्हणे. माझे आले नाहीत. मी इतकी चिडले होते की दातावर दात धरून जबडा दुखायला लागला होता.

मी बी. ए. झाले ती मामाकडे राहून, खामगावच्या कॉलेजात. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं, आमच्या घरात इतकं शिकलेली मी पहिलीच. शिकवलं अण्णांनीच, ते मी नाकारत नाही. बाकीच्या पोरी मळ्यात भेंडी तोडत असताना मी पुस्तक घेऊन बसले, तर ते कधी बोलले नाहीत. दुसरं कुणी बोललं तर त्याच्या अंगावर धावून जायचे. म्हणून तर राग जास्त येतो.

निकालानंतर जवळच्याच एका गावी मुलींच्या शाळेत जागा निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. मी म्हटलं, जाऊन येते. अण्णा म्हणाले, "एकटी? आपल्या घरी कोनी मानूस नाही का?" झालं. त्या दिवशी अण्णा, काका आणि गावचे पाटील असे तिघं धुवट धोतरं नेसून माझ्या आधी गाडीत जाऊन बसले. पाटलांनी तर फेटा बांधला होता. लग्नाच्या बोलणीला निघावं तसा सगळा थाट.

मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्च्या मोजक्याच. तिघं बसले, मी उभी. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला इतिहास शिकवायला आवडेल की मराठी?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा पुढे सरसावले.

"साहेब, तिले काय इचारता? मले इचारा ना. तुमी म्हनसान ते शिकवीन पोरगी."

काका म्हणाले, "लय गुनाची पोरगी हाय. सैपाकपानी सारं येते. कधी मान वर करून बोलत नाही." पाटलांनी आमच्या घराण्याची आणि विहिरीच्या पाण्याची हमी दिली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत कीव होती. "कळवतो," एवढंच ते म्हणाले. परतीच्या गाडीत अण्णांची स्वारी खूष. "पसंत पडली म्हना पोरगी."

नोकरी मिळाली नाही. मागाहून कानावर आलं की शाळेतली मंडळी म्हणाली, एवढा लवाजमा घेऊन येणारी मुलगी चार दिवसांत लग्न करून जाईल. तीन माणसांनी मिळून माझी नोकरी घालवली होती आणि मोठेपणाने घालवली होती! पण अण्णांना राग आला तो शाळेचा, आणि लाज वाटली ती माझी. "एका ठिकानी नापसंत झाली. आता पोरगी आनखी कुठी दाखवाची नाही. लोक हसतीन." झाला निकाल. माझा अर्ज नव्हताच तो, त्यांच्या हिशेबी ते माझं स्थळ होतं. आई पदराला डोळे पुसत म्हणायची, "काऊन नोकरीच्या मागं लागली वं? इथं का कमी हाय तुले?" इथं माझं काहीच नव्हतं, हे तिला कसं सांगायचं?

नाशिकच्या शाळेची जाहिरात पाहिली तेव्हा मी घरी खोटं सांगितलं. मामाकडे जाते म्हणून निघाले आणि मुलाखतीला एकटी गेले. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी स्वतः दिलं. जागा मिळाल्यावर घरी खरं सांगितलं, आणि त्या दिवसापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

नाशिककरही काही कमी नव्हते. खोली बघायला गेले की घरमालकीण माझ्या पाठीमागे बघायची. "बरोबर पुरुषमाणूस कोण आहे?" दोन घरांनी दार लावलं. शेवटी आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द टाकला तेव्हा डोक्यावर छप्पर आलं. स्टाफरूममध्ये माझ्या 'मले'ला हसायचे. मी 'मला' म्हणायला शिकले, प्रायमसला पिन मारायला शिकले. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव लागलं तेव्हा कचेरीतून घरापर्यंत ते हातातच धरून आले.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तर अण्णा ओट्यावर चार माणसांत सांगत होते, "मीच धाडलं तिले नाशिकले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत म्हटलं, "अण्णा, खोटं काऊन बोलता?"

"खोटं?" ते खरोखर दुखावले. "एकाच गाडीनं त आल्तो तुह्या संग, खामगावपावतर."

हसावं की रडावं, कळेना. मग नेहमीचा रागच आला, तोच बरा वाटला.

यंदा काकांची शांता बी. ए. झाली. परवा काकांचा निरोप आला. तिला बघायला पाहुणे येणार आहेत, तू अवश्य ये. पोरीची बहीण नाशिकले मास्तरीण हाय म्हटलं की वजन पडते. म्हणजे माझी नोकरी बुडवायला हेच, आणि मिरवायलाही हेच! शांताच्या मनात काय आहे, त्याबद्दल त्या निरोपात अवाक्षर नाही. तुम्ही सगळे प्रेमळ आहात हो. भूक लागायच्या आधी ताट वाढता. फक्त पोरीला प्रश्न विचारला की तुमच्यातलाच कुणीतरी उत्तर देतो.

मी काकांना काही कळवलं नाही, शांतालाच लिहिलं. पाहुण्यांपुढे बसायचं असेल तर खुशाल बस, मी आशीर्वाद द्यायला येईन. नोकरी बघायची असेल तर निघून ये, माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. तुझं तू ठरव. गावाकडचं घर मला परकं नाही, तिथल्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. पण जिथे आपलं आपण ठरवता येतं असं घर मला एकच माहीत आहे, आणि त्याचं भाडं मी भरते.