आयन निवेपर्यंत

ताई गेल्याचा आईचा फोन आला, तेव्हा मी पवनीच्या शाळेत वर्गावर होते. रडू नंतर आलं, आधी हायसं वाटलं... हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

माझी ही थोरली बहीण एकोडीच्या धान पिकवणाऱ्या घरातली. शिकत शिकत परदेशातल्या प्रयोगशाळेत पोचली आणि एकाच प्रश्नाच्या मागे लागली: एक इलेक्ट्रॉन कमी असलेला रेणू, म्हणजे आयन, संथ इलेक्ट्रॉनला पकडतो तेव्हा फुटतो कसा? वेगातला इलेक्ट्रॉन बहुधा बाजूनं निघून जातो, संथ असला तर सापडतो. तो आला की रेणूची उणीव भरते, पण त्या मिलनातून निघालेली ऊर्जा रेणूला पेलत नाही आणि त्याचे तुकडे होतात. "म्हणजे भलं कराले आला न् घरच मोडलं त्यानं," मी म्हटलं होतं. ती खूप हसली.

तिचं मोजमाप मात्र कोणी मानेना. तिच्या प्रयोगात आयन इतरांपेक्षा फार कमी फुटत, कारण ती थांबायची. नवे आयन तापलेले असतात, गरगरत असतात. त्यांना हवा काढून टाकलेल्या गोल नळीत फिरवत निवू द्यायचं, मगच मोजायचं. आमच्याकडे कापलेलं धान लगेच मळत नाहीत, पेंढ्यांचं पुंजणं रचून काही दिवस ठेवतात. तीच सवय तू तिकडे नेलीस, असं मी चिडवायचे. लोक म्हणत, बाईचं यंत्रच बिघडलंय. ते तिला फार लागलं होतं. आजारी होऊन घरी परतली, तरी मनात तेच.

शेवटच्या आठवड्यात तिची विद्यार्थिनी नेहा हिचा फोन आला. तिनं दुसऱ्या यंत्रावर तोच प्रयोग केला होता आणि आकडा इतरांसारखाच, मोठा आला होता. मी स्पीकर चालू करून फोन ताईजवळ धरला. ताईनं डोळे मिटूनच विचारलं, "निवू देलं का त्याईले?" "नाही," नेहानं कबूल केलं. तिनं आयन आत येताच मोजले होते. "कायले घाई करून राहिली वं? थांब. मंग मोज."

त्यानंतर ताईनं फोन उशाशीच ठेवला. तो पुन्हा वाजला तेव्हा नेहा रडतच बोलत होती, "मॅडम, तुमचाच आकडा आला!"

"मले माहीत होतं," ताई म्हणाली, पण तिचा आवाज कापत होता. मग माझ्याकडे वळली. "बंद कर तो फोन. आता कोनाची वाट नाई पाहाची." त्या दुपारी ती गाढ झोपली, कण्हली नाही. मी पवनीला परतले आणि दोन दिवसांनी आईचा तो फोन आला.

फोन अजून तिच्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. आई रोज पदरानं पुसते, पण मला चालू करू देत नाही.

"राहू दे," म्हणते, "आराम करून राहिली माही पोरगी."