शिरकावाल्या अक्कांची सवत

जगात बिघडलेलं काहीही शिरक्यानं ताळ्यावर येतं, आणि जे येत नाही ते मुळात बिघडलेलंच नव्हतं, असं छातीठोकपणे सांगणारी एकच बाई मी पाहिली आहे, ती म्हणजे माझी थोरली नणंद. तुम्ही दुकानातून व्हिनेगर म्हणून बाटली आणता ना, तोच शिरका अक्का बोदवडला घरी करतात आणि तोही केळीचा. घडावरून गळालेली, मऊ पडलेली केळी बरणीत कोंबायची, पाणी घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणीकडे ढुंकून पाहायचं नाही. "सारखं पाहिलं की ती लाजते, मग आंबत नाही." नळावर क्षार साचले, शिरका. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली, शिरका. डब्याला लोणच्याचा वास, आरशावर डाग, केसांत कोंडा, सगळ्याला शिरका. एकदा शेजारच्या सुनेचं सासूशी पटेना म्हणून अक्कांनी तिलाही अर्धी बाटली दिली होती. ती नेमकी कोणाला लावायची, हे मात्र सांगितलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा बी.ए. झालेली होते आणि ते कपाळावर गोंदवून घ्यायचंच काय ते राहिलं होतं. अक्कांच्या बरणीला मी नाक मुरडलं आणि महिन्याभरात त्यांची चेली झाले. तांब्याचं घंगाळ घासताना त्या म्हणाल्या, "मीठ नि शिरका लाव, कसा रंग उजळतो बघ." घंगाळाचं काय व्हायचं ते होवो, सुशिक्षित नववधूनं तो लेप गुपचूप स्वतःच्या तोंडाला फासला. आठ दिवस माझा चेहरा भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखा होता. अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं शहाणे, तू काय घंगाळ आहेस?" आरशात पाहिलं तर फारसा फरक नव्हता.

पण शिरक्याचं हे वेड अक्कांना लागलं ते एका डागापायी. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो, गावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. काळी, लांबलचक मोटार. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आधी ती, मग दाजी, आणि पाणी उरलंच तर अक्का. मालकाच्या गाडीत ड्रायव्हरची बायको बसलेली बरी दिसत नाही, म्हणून अक्का तिच्यात कधी बसल्या नाहीत. फाटकातूनच तिला पाहायच्या आणि सवत म्हणायच्या. संध्याकाळी दाजींच्या सदऱ्यावर काळ्या तेलाचा डाग दिसला की, "आले सवतीच्या गळ्यात पडून," असं म्हणत शिरका नि सोडा घेऊन बसायच्या. दाजी मिशीतल्या मिशीत हसायचे. मला वाटतं, काही डाग ते मुद्दाम आणायचे.

दाजी गेले तेही तिच्यातच. दुपारी तिला लिंबाच्या सावलीत उभी करून सीटवर जरा डोळा मिटला, तो उघडलाच नाही. बायका अक्कांना रडवायला बसल्या, तर अक्का कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, "मला काय सांगता? जिच्या मांडीवर गेले, तिला रडवा जा." त्या रडल्या नाहीत. तेव्हाही नाही, पुढेही नाही. मालकानं गाडी विकली, आणि तिचं नावही अक्कांनी पुन्हा काढलं नाही.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा गेलाच आहे, उजवाही फार दिवस साथ द्यायचा नाही. त्याच सुमारास माझ्या मुलानं बातमी आणली, की धुळ्याजवळ कोणा हौशी माणसानं जुन्या मोटारींचं संग्रहालय उघडलंय आणि बोदवडची ती गाडी तिथं आहे. दुसऱ्याच दिवशी अक्का जळगावला माझ्या दारात हजर. पिशवीत खण, नारळ, गहू, हळदकुंकू आणि अर्थात शिरक्याची बाटली. "सवतीची ओटी भरायची. भांडण मिटवून टाकते. नजर आहे तोवर तिला एकदा जवळून बघू दे." विधवेनं ओटी भरायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतलेला. मी कितीदा सांगून पाहिलं, पण व्यर्थ. म्हणून सवाष्ण म्हणून मला सोबत न्यायचं. "माझा भाऊ अजून धडधाकट आहे, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे!"

पत्र्याच्या लांबच लांब शेडमध्ये मोटारी दोरीपलीकडे अशा उभ्या होत्या, जशी फोटोसाठी ताटकळलेली वऱ्हाडी मंडळी. अक्का एकेकीला नाक लावल्यागत जवळून बघत पुढं सरकत होत्या. पितळी दिव्यांशी थांबून तिथल्या रखवालदाराला म्हणाल्या, "ह्यांना मीठ नि शिरका लाव रे भाऊ." तो हसला, आणि माझ्या मुलानं बोदवडची गाडी विचारताच त्यानं एका गाडीकडे बोट दाखवलं. "आजी, बोदवडनी गाडी हाई शे."

गाडी टमाट्यासारखी लालभडक होती. आतल्या सीटा पांढऱ्याशुभ्र.

"ही नव्हे," अक्का म्हणाल्या.

"तीच शे, आजी. मालकनी बठ्ठी नवी करी टाकी. रंग नवा, सीटा नव्या, इंजिनबी नवं."

अक्कांनी वाकून वास घेतला. ना पेट्रोलचा, ना तेलाचा. मग माझ्याकडे वळल्या. "लालच आहे का गं? का माझा डोळा दगा देतोय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "लाल आहे, अक्का."

"आणि त्यांची सीट?"

रखवालदारानं मान खाली घातली. "भंगारमा गयी, आजी."

मी ओटीची पिशवी उघडायला घेतली, तर अक्कांनी माझा हात धरला. "राहू दे. परक्या बाईची ओटी कशाला भरायची? आपली मेली."

परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं. वाटेत मुलानं चहाचं विचारलं, तर अक्कांनी मानेनंच नको म्हटलं. जळगावला घराशी उतरल्या, पण उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"पाणी तापत ठेव. आंघोळ केल्याशिवाय आत यायची नाही मी."

"आत्या, गाडीची कसली आंघोळ?" मुलगा म्हणाला.

"गाडीची नाही रे बाबा," अक्का म्हणाल्या, "तुझ्या दाजींना ओळखणारं माणूस गेलं."

मी त्यांना मागच्या दारानं मोरीत नेलं, बादली भरून दिली आणि टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले. आधी तांब्याचा आवाज येत होता. मग तांब्या थांबला, आणि आतून जे ऐकू आलं ते या घरानं अक्कांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मुलगा धावत आला. मी त्याला हातानंच परत पाठवलं, आणि स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून दिला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.