सुया टोचून चालणाऱ्या सासूबाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलात स्ट्रोकच्या पेशंटना पुन्हा उभं करणं हेच माझं काम. अनोळखी आजोबा माझ्या शब्दाखातर उठतात, चार पावलं टाकतात, वर थँक यू म्हणतात. आणि घरी माझ्या सासूबाई, स्ट्रोकने डावा पाय लुळा पडलेला, मला म्हणायच्या, "तू नको मला शिकवू."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. बाथरूमला एकटीने जायचं. हॉस्पिटलातून आल्यापासून मी त्यांना धरून नेत होते, आणि तेवढा वेळ त्या भिंतीकडे बघत बसायच्या. एरवी मला चिमटे काढायची एक संधी न सोडणारी ही बाई तिथे अवाक्षर काढत नसे. मला ते बघवत नसे. तरी व्यायाम म्हटलं की यांचा गुडघा दुखायचा, झोप यायची, सिरियल सुरू व्हायची. मी जाम चिडायचे. "माझ्या पेशंट असतात तर दाखवलं असतं," असंही एकदा बोलून गेले.

ॲक्युपंक्चरचं खूळ नवऱ्याचं. हॉर्नबी या उपनगरात बेकरीशेजारी एका चिनी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मी नाक मुरडलं, पण आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारलं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं बाईंच्या कानावर घातलं. सुया चालतील, काढे नकोत, असं मी ठणकावलं. त्या लगेच हो म्हणाल्या. मला भांडायला जागाच ठेवली नाही.

त्यांनी सासूबाईंच्या डोक्यात बारीक सुया टोचल्या. आता अर्धा तास पडून राहायचं असेल, असं मला वाटलं. तर बाई म्हणाल्या, "नाऊ वॉक, मम्मा." सुया तशाच ठेवून! आणि सासूबाई उठल्या की. टाच आधी टेकवा, वजन डाव्या पायावर घ्या, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा. सगळे माझेच व्यायाम. मी मराठीत सांगत होते आणि आतून धुमसत होते.

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "आई, हेच तर मी रोज कानीकपाळी ओरडतेय! त्यांचं ऐकता, मग माझं का नाही?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिच्यासमोर पडले तर पडले. ती परकी. तुला मी वरणाला फोडणी द्यायला शिकवलंय गं. आता तू मला धुतेस, पुसतेस. तुझ्यासमोर आणखी किती पडू?"

माझा राग तिथल्या तिथे विरला. त्या वेळी त्या मला जितक्या आवडल्या, तितक्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधी आवडल्या नव्हत्या. तोंडाने मात्र मी "सीटबेल्ट लावा" एवढंच म्हणाले.

मग मी डॉक्टरीणबाईंशी संधान बांधलं. पुढचा व्यायाम मी फोनवर सुचवायचे, त्या तो सुयांबरोबर आपला म्हणून द्यायच्या. घरी सासूबाई चालायला लागल्या की मी स्वयंपाकघरात जायचे आणि नवऱ्याला हॉलमध्ये पाठवायचे. लेकाची त्यांना लाज नव्हती. त्याला त्यांनीच चालायला शिकवलं होतं. गुण सुयांनी आला की चालण्याने, मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंच्या मते अर्थातच सुयांनी.

मे महिन्यातल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या, एका गार सकाळी त्यांच्या खोलीत डोकावले, तर पलंग रिकामा. धावत बाथरूमपाशी गेले. दार आतून लॉक. लॉक करायचं नाही, हे मी प्रत्येक पेशंटला बजावते.

"आई! लॉक का केलंत? उघडा आधी!"

आत फ्लशचा आवाज झाला. मग पुष्कळ दिवसांनी त्यांचा खणखणीत आवाज आला. "ओरडू नकोस. माणसाला जरा एकटं बसू देशील की नाही?"

मी दाराबाहेर खाली बसले. मला हसू आवरत नव्हतं.