समोरच्यांचे दोन हेडफोन आणि आमचा कूलर

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या समोर राहणारे गृहस्थ भर मे महिन्यात स्वतःचा कूलर बंद करून, घामाघूम होत, ओट्यावर गाणी ऐकतात. त्यांच्याकडे दोन हेडफोन आहेत, एक काळा आणि एक तपकिरी. दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे पाठीला जाळी असलेले. त्यातून आतलं गाणं बाहेर येतं आणि बाहेरची गल्ली आत जाते. एकच गाणं आधी काळ्यावर, मग तपकिरीवर ऐकायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून निकाल सांगायचा, "काळ्यात बाई जवळ बसून गाते. तपकिरीत पाव्हण्यावानी दारातूनच गाऊन राहिली."

एक दिवस ते पेचकस घेऊन आमच्या घरी आले. "तुमचा कूलर माह्या गाण्यात घुसून राहिला," म्हणाले, आणि खिडकीतल्या कूलरच्या खडखडणाऱ्या पत्र्याचा स्क्रू घट्ट कसून गेले. आम्हाला काय, फुकटात शांतता मिळाली.

आठवड्यानं ते पुन्हा आले, तोंड उतरलेलं. "काही मजा नाही राहिली भाऊ. तपकिरीत तुमचा पत्रा ठेका धरे."

त्यांनी तपकिरी हेडफोन कानांवर चढवला, डोळे मिटले आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा स्क्रू हळूहळू सैल केला. पत्रा खडखडू लागला. जाळीतून झिरपणाऱ्या गाण्याबरोबर तो खरंच ठेक्यात वाजत होता, याचाच मला जास्त राग आला. पत्रा पुन्हा कसायला मी त्यांनी खाली ठेवलेला पेचकस उचलला.

"हात नोका लावू," ते डोळे न उघडताच म्हणाले, "मोठ्या मुश्कीलनं लागला."