फाटकाचा ओला रंग

काल बाल्कनीच्या जाळीला तेलरंग दिला आणि त्या वासानं मी थेट धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. कॉलेजचा अर्ज भरू द्यावा म्हणून मी घरी अन्नत्याग केला होता. चोरून केळी खात होते, तो भाग वेगळा. प्रवेश मिळाल्यावर "आता मी मोकळी!" असं सगळ्या गल्लीला ऐकवून आले, आणि पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या बाईंनी फाटकाला कुलूप ठोकलं. आत मी, बाहेर माझे वडील, आबा. आमच्याकडे म्हशीलासुद्धा इतक्या लवकर दावणीला बांधत नसत. मी गज घट्ट धरले. आबा हळूच आमच्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, शिरपूरनी गाडी शे आते. येस का घर?" हो म्हटलं असतं तर सुटले असते, पण शिक्षण तिथंच संपलं असतं आणि दिवाळीनंतर मला मांडवात उभी केली असती. तरी 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. मी डोळे पुसून मागे वळले, तर मुली फिदीफिदी हसायला लागल्या. गजांचा रंग ओला होता, हे तेव्हा कळलं. मग त्याच हिरव्या तोंडानं, उरलासुरला तोरा गोळा करून, मी शहरी मराठीत मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुम्ही रडू नका हं. दिवाळीत येईन मी." आबांचे डोळे ठणठणीत कोरडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पोरींकडे पाहिलं, आणि उपरण्यानं सावकाश आपले डोळे पुसले. नातवंडांना मी अजून सांगते, त्या दिवशी आबा फार रडले.