भावजींची शेकोटी

या, अशा जवळ सरका. दारात उभं राहून काय ऐकताय? आणि तो फोन पालथा ठेवा आधी. म्हातारी बोलत असली की तेवढ्यात चार मेसेज उरकून घ्यावेत असं तुम्हाला वाटतं, ते मला दिसत नाही का? बसा.

तर आमचे शेजारचे भावजी. सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत ते "त्यात काय एवढं, वहिनी?" म्हणाले, की समजावं, घरातली एक वस्तू आता जगत नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या या बेस्ट नावाच्या गावात इंजिनियर काही कमी नाहीत, पण बाकीचे निदान संध्याकाळी थांबतात. हे निवृत्त झाले तरी थांबेनात. माझ्या सायकलची घंटा त्यांनी दुरुस्त केली. तेव्हापासून विटांचा रस्ता लागला की ती आपोआप वाजते. पुढचे लोक बिचारे बाजूला होतात आणि मला हात करतात.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेमागं गॅसची शेकोटी होती. आत खोटे ओंडके, दिसायला हुबेहूब लाकूड, हाताला मात्र बिस्किटासारखे ठिसूळ. एका हिवाळ्यात ती काच काळी पडायला लागली. तुम्ही-आम्ही मेकॅनिकला फोन केला असता. भावजींनी चष्मा पुसायला घेतला.

मी थालीपीठ द्यायला गेले, तर ओंडके बादलीत, साबणाच्या पाण्यात!

"अहो, हे कोरडेच झटकायचे असतात, मऊ ब्रशनं. माझ्या मुलाकडे पाहिलंय मी."

"वहिनी, घाण ती घाण. पाण्यानं जाते."

एका ओंडक्याचं टोक बादलीतच विरघळलं. तेही गेलंच म्हणायचं पाण्यानं.

मग रचना. मुळात ते ओंडके तिरपे-वाकडे ठेवलेले असत, आणि ते यांच्या डोळ्यांना फार खुपे. वास्तुशांतीच्या होमात समिधा रचतात ना, तसे यांनी ते चौकोनी, एकावर एक रचले. नमस्कार करावा असं दिसत होतं. पेटवल्यावर ज्वाळा थेट ओंडक्यांवरच आपटायला लागल्या आणि काजळी धरून काच पुन्हा तव्यासारखी झाली.

"इथला गॅसच हलका आहे," भावजी म्हणाले.

"हो ना. ओंडके मात्र भारी विद्वान."

त्यांची मुलगी इथल्याच ब्रेडा शहरात राहते. इथंच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि चिडली की डचमध्ये. तिची तान्ही लेक पहिल्यांदाच आजोळी यायची होती. तिनं फोनवर बजावलं, "बाबा, आधी मेकॅनिक. नाहीतर आय ॲम नॉट ब्रिंगिंग हर."

बायको गेल्यापासून हा माणूस यंत्रांशीच बोलायचा. नात यायची म्हटल्यावर पडदेसुद्धा धुतले त्यांनी. पुढच्याच आठवड्यात मुलीला आणि मला सांगून टाकलं, "मेकॅनिक येऊन गेला. सगळं ओके." सांगताना चष्मा पुसत होते.

त्या दिवशी मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या उंबऱ्यात उभी. आत शेकोटी पेटलेली. मुलगी बाळाला घेऊन समोर आली. मी बाळावरून भाकरतुकडा ओवाळणार, तेवढ्यात बाळानं भावजींचं बोट धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"थांब. आत येऊ नकोस तिला घेऊन."

"बाबा, व्हॉट?"

"मेकॅनिक आला नव्हता. घरात विषारी वायू साठला की वाजतो तो भोंगा आहे ना, तो सारखा ओरडत होता. मी तो काढून खणात ठेवलाय." चष्मा नाकावरच होता, त्याला हात लावला नाही. "मला नाही जमलं गं ते."

आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. मुलगी डचमध्ये बरंच काही बोलली. त्याचं मराठी करायची गरज नाही.

बाळ माझ्या घरी आलं. भाकरतुकडा माझ्या उंबऱ्यावर ओवाळला. भावजी माझ्या सोफ्यावर अंगातला कोटही न काढता तिला मांडीवर घेऊन बसले. नखांत अजून काजळी. हातात आलेली वस्तू उघडून बघावीशी वाटली नाही, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

आता मुलीनं त्यांना ब्रेडाला नेलंय. तिच्या नव्या घरात गॅसच नाही, ऊब फरशीखालून येते. उघडायला एक झाकण नाही, स्क्रू नाही. ती याला सोय म्हणते, मला ती शिक्षा वाटते. शेजारी आता दुसरं बिऱ्हाड आलंय. टोक विरघळलेला तो ओंडका मात्र माझ्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी आहे. मीच मागून घेतला.

तुमच्यापैकी कुणी ब्रेडाला जाणार असेल, तर त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, वहिनींचा मिक्सर अगदी झकास चालतोय. लवकर या, बिघडवायला.